प्रोफेसरसाहेबांची जोहरा

"ही जोहरा. हिच्या चेहऱ्याला पेन्सिल लावायची न्हाई."

प्रोफेसर सावरगावकरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. परभणीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत ते काउंटरपाशी उभे राहून माझ्या नवऱ्याशी बोलत होते आणि मी पडद्याआड बसून लग्नाच्या एका मुलीच्या गालावरचे देवीचे वण भरत होते. तेच माझं काम. वालूरहून लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं, ह्यांनी शिकवलं. काचेच्या निगेटिव्हवर भिंगातून बघत सुईसारख्या टोकाची पेन्सिल फिरवायची, म्हणजे छापलेल्या फोटोत खड्डे दिसत नाहीत, डोळ्यांखालचा काळेपणा जातो.

जोहरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हैदराबादची कुणी बेगम उभी राहिली. इतकी देखणी की तिला पेन्सिलीची गरजच नाही. ते गेल्यावर मी ती प्लेट घाईघाईनं उजेडापुढे धरली. राखाडी काचेच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता, तोही एका बाजूनं कापल्यासारखा. मला वाटलं, म्हाताऱ्याची प्लेट वाया गेली.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. प्रोफेसरसाहेब आठवड्यातून दोनदा यायचे. पितळी डब्यात काळ्या कापडात गुंडाळलेल्या प्लेटा असायच्या. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, डोक्यावर टोपी नाही. आत पाऊल ठेवता ठेवता ते मोठ्यानं विचारायचे, "जोहरा तयार झाली का?" हे रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. त्यामुळे महिन्याभरात गल्लीभर झालं की प्रोफेसरानं हैदराबादेत कुणी गाणारी ठेवली होती, ती तिकडेच राहिली आणि हा तिचे फोटो धुऊन घेत बसलाय. एकीनं तर मला, नवऱ्याला जपून राहा, असं बजावलं.

हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. गल्लीतल्या बायकांना त्यांनी निरोप धाडला की जोहराला भेटायचं असेल तर सूर्य बुडता बुडता माळवदावर या. आम्ही सात-आठजणी गेलो. मातीच्या त्या सपाट छतावर लाकडी चौकटीत बसवलेली लांब नळी होती. तिच्यातला आरसा त्यांनी दोन वर्षं स्वतः घासून तयार केला होता. मी डोळा लावला तर इवलासा अर्धा चंद्र थरथरत होता. मी म्हणाले, हा तर चंद्र. ते म्हणाले, "चंद्र तिकडं निंबाच्या मागं हाय, बघा. हा शुक्र. उर्दूत जोहरा. मी सतरा वर्षं हिच्याबद्दल उर्दूतच बोलत आलो, आता जीभ ऐकत न्हाई."

ते मूळचे गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचे. नाव केशवराव. शिकायला म्हणून हैदराबादला गेले आणि तिथल्या कॉलेजात खगोलशास्त्र शिकवू लागले, तेही उर्दूतून, कारण तेव्हा सगळं उर्दूतूनच चालायचं. राज्य भारतात सामील झाल्यावर हळूहळू इंग्रजी आली. त्यांना इंग्रजी उत्तम येत होती. पण वर्गात उभं राहिलं की शब्द उर्दूच यायचे, आणि समोरची नवी पोरं एकमेकांकडे बघून हसायची. त्यांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. पत्नी हैदराबादेतच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. गावी न जाता परभणीत का राहिलात, असं ह्यांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "तीन चीजांसाठी. टपाल, रेल्वे आणि तुमची अंधारी खोली."

शुक्राचं काय एवढं बघायचं, हे त्यांनी मला भाकरी थापता थापता कळेल इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं होतं. शुक्र सदानकदा ढगांनी झाकलेला. त्याची जमीन कुणी पाहिलेली नाही. कुणी म्हणतं खाली नुसता समुद्र आहे, कुणी म्हणतं तापलेली धूळ आहे. साध्या डोळ्यांना तो सगळा पांढराशुभ्र दिसतो, पण जांभळ्या काचेतून फोटो काढला तर त्या पांढऱ्यावर पुसट काळसर पट्टे येतात. तो पट्टा आज दिसला, तर पुन्हा कितव्या दिवशी तिथंच येतो? तेवढं कळलं की ढग पुऱ्या ग्रहाला किती दिवसांत फेरी घालतात ते कळेल, आणि मग तिथला वारा, तिथली हवा. "ढगाखाली काय हाय ते माझ्या हयातीत कळणार न्हाई," ते म्हणायचे. "पण ढग किती जोरानं पळायलेत, एवढं तरी कळावं."

एकदा झरी गावचे एक शेतकरी मुलाचा फोटो काढायला आले होते. प्रोफेसरसाहेबांचं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं की त्या ढगांतून पाऊस पडतो का. प्रोफेसरसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि मालूम न्हाई म्हणून सांगितलं. शेतकऱ्यानं माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "इतकं शिकले, इतके ढग बघितले, आन् पाऊस मालूम न्हाई व्हय?" ह्यांना हसू आवरेना. प्रोफेसरसाहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "यांचा सवाल एकदम बरोबर हाय. तोच तर सवाल हाय."

त्यांच्या बोलण्यात जोहराइतकंच दुसरं एक नाव यायचं, रशीद. रशीदसाहेब हैदराबादेत त्यांच्याच कॉलेजात होते. दोघांनी सतरा वर्षं एकाच दुर्बिणीवर जांभळी काच लावून शुक्र पाहिला. आधी एकानं बघायचं, कागदावर काढायचं, कागद उलटा ठेवायचा, मग दुसऱ्यानं. दोन्ही चित्रं जुळली तरच वहीत चढवायची. सामिलीकरणानंतर वर्षभरात रशीदसाहेबांचे मुलगे कराचीला गेले आणि त्यांच्यामागे तेही गेले. निघताना दोघांचं ठरलं की एकाच दिवशी इकडून केशवनं बघायचं, तिकडून रशीदनं, आणि टपालानं जुळवायचं. परभणीनंतर साधारण पाऊण तासानं कराचीत सूर्य मावळतो. प्रोफेसरसाहेब माळवदावरून उतरताना घड्याळ बघून म्हणायचे, "आता रशीद बसायला असंल."

पत्र यायला कधी तीन आठवडे, कधी दोन महिने लागत. आलं की ते स्टुडिओत येऊन बसायचे आणि वाचून दाखवायचे. ढगांबद्दल अर्धं पान आणि बाकी सगळं हैदराबादबद्दल असायचं. अमुक रस्त्यावरचं चिंचेचं झाड आहे का. कॉलेजातला तो लंगडा शिपाई कसा आहे. प्रोफेसरसाहेब स्वतःच परभणीत बसलेले, त्यांना तरी कुठून माहीत असणार! तरी ते हैदराबादला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला गाठून चिंचेच्या झाडाची चौकशी करायला सांगत आणि मग उत्तर लिहीत.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला तो चोपन्नच्या सुमारास. ऑपरेशन करून पाहिलं, उपयोग झाला नाही. आधी कडा गेल्या, मग धूसर झालं. दुर्बिणीला शुक्र लावणं हातांच्या सवयीनं जमायचं, पण प्लेटवरचे पट्टे दिसेनात. तेव्हा त्यांनी ह्यांना विचारलं, शांताबाई माझ्यासाठी बघतील का. त्या दाण्याएवढ्या चित्रावरून हे रुपयाएवढी मोठी निगेटिव्ह करून द्यायचे आणि मी माझ्या रिटचिंगच्या भिंगातून बघायची. काय दिसतं ते सांगायचं, कागदावर काढायचं. ते उलटसुलट विचारायचे. पट्टा वर की खाली? टोक फाटलेलं की सरळ? खरंच दिसायलंय का? शाळा मी पाचवीत सोडली होती. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या डोळ्यांवर विसंबावं लागतंय, याचा मला अभिमान वाटायचा, आणि भीतीही.

मग छप्पन सालचा उन्हाळा आला. त्या वेळी शुक्र संध्याकाळी खूप वर असायचा. पहिल्या दिवशीच्या प्लेटवर एक ठळक पट्टा होता, मधे वाकलेला. मधल्या तीन दिवसांत तो नव्हता. पाचव्या दिवशी पुन्हा तसाच वाकलेला पट्टा. प्रोफेसरसाहेबांनी मला तीनदा बघायला लावलं आणि मग खुर्चीत बसून राहिले. नवव्या दिवशी तो पुन्हा आला, तर चार दिवसांची फेरी. एवढ्या थोड्या दिवसांत फेरी म्हणजे तिथं जमिनीवरच्या कुठल्याही वादळाहून मोठा वारा कायमचा वाहतोय. असं आजवर कुणी मानलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारपासून धुळीचा वारा सुटला. आभाळ गढूळ झालं. प्लेट निघाली ती मळकट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न खाता स्टुडिओत येऊन बसले होते. मी भिंगातून पाहिलं. पट्टा असावा असं वाटलं. पुन्हा पाहिलं तर नाही. पडद्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी पेन्सिल उचलली. ह्यांनी केलेल्या मोठ्या निगेटिव्हवर, जिथं पट्टा असावा त्याच्या दोन्ही अंगांना अगदी हलका हात फिरवला, म्हणजे छापताना बाजू उजळतील आणि मधलं काळसर दिसेल. दहा मिनिटांचं काम. शेकडो चेहऱ्यांवर मी तेच केलं होतं. ह्यांनी त्यावरून मोठा फोटो छापला, आणि तो पट्टा प्रोफेसरसाहेबांना, त्यांच्या त्या अधू डोळ्यांनासुद्धा, दिसला.

त्यांना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाजारातून कलाकंद आणून आमच्या गल्लीत वाटला. तिन्ही फोटो त्याच दिवशी कराचीला गेले. दीड महिन्यानं उत्तर आलं. रशीदसाहेबांनी लिहिलं होतं की नवव्या दिवशी मलाही पट्टा दिसला होता, तुझ्या फोटोशी माझं चित्र तंतोतंत जुळतं, आणि मी दोघांच्या नावानं लेख लिहून विलायतेत छापायला पाठवलाय.

त्या रात्रीपासून माझं अन्न गोड लागेना. शेवटी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप बस. काय बिघडायलंय? सगळ्यांचेच चेहरे आपण नीट करून देतो." आठ दिवस मी गप्प बसले. नवव्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन एकटीच त्यांच्या घरी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

मूळची छोटी प्लेट काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि आता बघून सांगा म्हणाले. मी खूप वेळ बघितलं. पण तो पट्टा मी स्वतःच काढलेला असल्यामुळे आता तो माझ्या डोळ्यांतच बसला होता. खरा कुठला, माझा कुठला, मला सांगता येईना. मी रडायला लागले. म्हणाले, पण रशीदसाहेबांना तर दिसला होता ना, त्यांनी चित्रसुद्धा काढलंय.

"त्यानं काय पाहिलं ते तो सांगंल," प्रोफेसरसाहेब म्हणाले. "मी पाहिलं न्हाई, एवढं मला सांगितलं पाहिजे."

कागद घेऊन ते तिथंच लिहायला बसले. ओळी एकमेकींवर चढत होत्या. त्यात माझं नाव त्यांनी घातलं नाही. माझ्याकडून गलती झाली, लेख परत घे, एवढंच लिहिलं आणि मला ते मोठ्यानं समजावून सांगितलं, म्हणजे पाठीमागे काही लिहिलं असं मला वाटू नये. मग काठी घेऊन स्वतः पोस्टात गेले. लेख परत आला. रशीदसाहेबांचं त्यावर उत्तर आलं नाही. पुढच्या पत्राचं नाही, त्याच्या पुढच्याचंही नाही.

मला वाटलं आता ते आमच्याकडे कधी येणार नाहीत. पण ते पत्र टाकल्याच्या चौथ्या दिवशी डबा घेऊन दारात उभे. "शांताबाई, प्लेट हाय. बघता?" मी म्हणाले, माझ्यावर आता कसा विश्वास ठेवता? ते म्हणाले, "तुम्ही येऊन सांगितलं. लोक सांगत न्हाईत."

पत्रं यायची थांबल्यावर त्यांनी मला उर्दू शिकवायला घेतलं. त्यांना स्वतःला आता डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं आणि जुनी पत्रं पुन्हा ऐकायची होती. अलिफपासून सुरुवात करून तीन-चार महिन्यांत मी अडखळत वाचू लागले. माझं क्रमिक पुस्तक म्हणजे रशीदसाहेबांची पत्रं. ते समोर बसून ऐकायचे, माझा उच्चार दुरुस्त करायचे, आणि एखाद्या ओळीशी "पुन्हा" म्हणायचे. पुन्हा वाचायला लावलेल्या ओळीत ढगांचं काही नसायचं. चिंचेचं झाड असायचं.

अठ्ठावन्नमध्ये केव्हातरी एका इंग्रजी मासिकात चार ओळींची बातमी आली. परभणी तोवर मुंबई राज्यात गेली होती. हायस्कूलच्या एका मास्तरांनी ती त्यांना वाचून दाखवली. परदेशात कुणीतरी लहानशा दुर्बिणीनं जांभळ्या काचेतून फोटो काढून म्हटलं होतं की शुक्रावरचे ढग चार दिवसांत फेरी घालतात. ते तसेच काठी टेकत माझ्याकडे आले. माझ्या पेन्सिलीपायी त्यांचं नाव गेलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांना माझं बोलणं ऐकूच गेलं नसावं. "चार दिवस," ते म्हणत होते. "वारा खराच हाय, शांताबाई. ढग पळायलेत तसेच." मग म्हणाले, "रशीदला कळलं असंल का?" आणि मला पत्र लिहायला बसवलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

ते साठ सालच्या थंडीत गेले. चार दिवस ताप आला आणि संपलं. प्लेटांची पेटी त्यांनी मला दिली होती, ती अजून माझ्याकडे आहे. कुणी मागायला आलं नाही. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र दिसला की मी आजही मनात जोहराच म्हणते, आणि ज्याला ते सांगावं असं माणूस आता कुणी उरलेलं नाही. ते जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मात्र सांगितली पाहिजे.

त्या वेळी तीन वर्षांनी रशीदसाहेबांचं पत्र आलं. मीच ते वाचलं. हैदराबादेत त्यांची बहीण आजारी होती, तिला भेटायला ते येत होते. व्हिसा फक्त हैदराबादचा मिळाला होता, परभणीत उतरायची परवानगी नव्हती. पण मनमाडहून येणारी गाडी परभणीवरून जाते. इंजिन पाणी घेतं म्हणून ती दहा-बारा मिनिटं थांबायची. त्यांनी तारीख कळवली होती.

आम्ही दोन तास आधी स्टेशनवर गेलो. तोवर प्रोफेसरसाहेबांना उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं. गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक बारीक वृद्ध गृहस्थ उतरले, इकडेतिकडे बघू लागले आणि मग थेट आमच्याकडे आले. दोघं एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मी चहा सांगायला म्हणून बाजूला होऊ लागले तर प्रोफेसरसाहेबांनी थांबा म्हटलं आणि रशीदसाहेबांना सांगितलं की माझे डोळे म्हणजे याच.

रशीदसाहेबांनी माझ्याकडे बघून हात कपाळाला लावला. मग एकदम म्हणाले, "केशव, उस दिन मैंने कुछ नहीं देखा था."

ते भराभर बोलले, वेळ थोडा होता. नवव्या दिवशी कराचीतही धूळच होती. त्यांनी पान कोरं ठेवलं होतं. केशवचा फोटो आला, त्यात पट्टा होता. केशवला दिसला म्हणजे असणारच, म्हणून त्यांनी मागाहून चित्र काढलं आणि मलाही दिसला म्हणून लिहिलं. लेख परत घे असं पत्र आलं तेव्हा त्यांना कळलं की आपण नसलेल्या पट्ट्याचं चित्र काढलंय. त्यानंतर दर पत्राला उत्तर लिहायला बसायचे आणि फाडून टाकायचे.

मी खाली मान घालून ऐकत होते. तीन वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यामुळे रागावलेत. प्रोफेसरसाहेबांनी त्यांचा हात सोडला नाही. एवढंच विचारलं की खोकला कसा आहे. आहे तसाच, ते म्हणाले. मग रशीदसाहेब म्हणाले, "चार ही दिन निकले ना?" आणि दोघंही हसले, मोठ्यानं, पोरांसारखे. मागाहून सांगितलेला चहा आला तो प्यायचा राहिला. शिट्टी झाली. रशीदसाहेब पायरीवर चढले, खिडकीशी आले, आणि गाडी हलली.

परत येताना टांग्यात प्रोफेसरसाहेब मला विचारू लागले. केस पिकले का त्याचे? पूर्ण पिकलेत, मी सांगितलं. चष्मा? आहे, जाड काचांचा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शेरवानी होती? नाही, पांढरा सदरा, कोपरावर ठिगळ. पाय? उजवा जरा ओढतात. त्यांना दुःख होईल असं काही गाळावं असं माझ्या मनात आलं, पण मी गाळलं नाही, आणि पदरचं घातलंही नाही.

"गाडी हलल्यावर तो रडायलता का?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना ते हवंही असावं.

"गाडी हलली तसं त्यांनी तोंड आत वळवलं," मी म्हणाले. "मला दिसलं नाही."

टांगा थोडा पुढे गेला.

"आन् हात? हात हलवायलता?"

"हलवत होते. सिग्नलच्या पुढं जाईपर्यंत."

"ते दिसलं?"

"ते दिसलं."